बारावीनंतर लगेच फिल्म स्कूल, की आधी पदवी? इचलकरंजीतलं एक प्रकरण

मुलगी इचलकरंजीची. २०२४ मध्ये बारावी झाली. सायन्स, ७१ टक्के, गणित आणि फिजिक्स दोन्ही घेतलेलं. वडील यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे बिघडलेला माग चालू करून देणारा माणूस. आई घरी शिवणकाम करते, धाकटा भाऊ शाळेत. मुलीला सिनेमाच्या साउंडमध्ये जायचं होतं. पहिल्याच फोनवर ती हे इतकं ठामपणे म्हणाली की मी जरा सावध झालो. मी स्वतः साउंडचं काम करतो आणि माझ्याकडे येणारी बरीचशी मुलं 'डायरेक्शनला नंबर लागला नाही तर साउंड' असा हिशोब करून आलेली असतात. हिनं डायरेक्शनचं नावही काढलं नाही.

माझा नंबर तिला ज्युनियर कॉलेजातल्या फिजिक्सच्या मॅडमनी दिला होता. मुलीचं नाव इथे देत नाही. बाकी सगळं तिच्या आणि घरच्यांच्या परवानगीनं लिहितोय, कारण दर जूनमध्ये हाच प्रश्न घेऊन कुणी ना कुणी येतं आणि प्रत्येकाला फोनवर तासभर तेच सांगणं आता जमत नाही.

तिच्यापुढे चार वाटा होत्या. पहिली, तिची स्वतःची: पुण्या-मुंबईच्या बाजूची एक खासगी संस्था, बारावीनंतर तीन वर्षांची पदवी, साउंडमध्ये स्पेशलायझेशन. माहितीपत्रकाप्रमाणे तीन वर्षांची फी १४ लाख ७० हजार, राहणं-खाणं वेगळं. दुसरी वडिलांची: टेक्स्टाइल इंजिनिअरिंग, तेही गावातच. सीईटी त्यांनी तिला आधीच द्यायला लावली होती. तिसरी मॅडमची: साधी बी.एस्सी. करायची आणि मग पुण्याच्या एफटीआयआयला, म्हणजे तिथल्या सरकारी फिल्म इन्स्टिट्यूटला, किंवा कोलकात्याच्या तशाच सत्यजित रे संस्थेत पदवीनंतरच्या कोर्ससाठी बसायचं. चौथी वाट आत्याच्या मुलाची. तो कोल्हापूरच्या चित्रनगरीत लाइटच्या टीममध्ये आहे. त्याचं म्हणणं, 'कॉलेज-बिलेज सोड, चार वर्षं सेटवर काढ, आपोआप शिकतीस.'

चौथी वाट आधी निकालात काढतो, कारण लोक तिला उगाच हसतात. सेटवर कुणी पदवी विचारत नाही हे खरंच आहे. मुंबईत कामाला लागलं की आपल्या शाखेच्या असोसिएशनचं कार्ड लागतं. साउंडवाल्यांची असोसिएशन वेगळी आहे, आणि तिथेही तुमचं काम बघितलं जातं, गुणपत्रिका नाही. पण सेटवर तुम्हाला शिकवायला कुणाकडे वेळ नसतो. बूम, म्हणजे लांब काठीवरचा माइक, धरायला आठवड्यात जमतं. मात्र तो तिथेच का धरायचा, वरून का, बाजूनं का नाही, कपड्याला लावलेला छोटा लेपल माइक असताना बूम कशाला, सीन संपल्यावर सगळ्यांना गप्प उभं करून अर्धा मिनिट नुसत्या खोलीचा आवाज का घ्यायचा, हे विचारायची सोय नसते. विचारलंत तर 'रोल आहे, बाजूला हो'. त्यात मुलगी, वय अठरा, शिफ्ट बारा तासांची. आत्याच्या मुलाला मी फोनवरच सांगितलं की सुटीत तिला सेटवर घेऊन जा, पण कॉलेज सोडून नाही.

राहिल्या तीन.

खासगी संस्थेबद्दल मी तिला होय-नाही काहीच सांगितलं नाही. तीन प्रश्न दिले आणि प्रत्यक्ष जाऊन विचारून यायला लावलं. एक, साउंडच्या एका विद्यार्थ्याला वर्षभरात मिक्सिंग रूमचे, म्हणजे फिल्मचे सगळे आवाज एकत्र जुळवायच्या खोलीचे, किती तास मिळतात? दोन, शेवटच्या वर्षाचं काम साउंडवाल्याच्या नावावर जमा होतं, की ते डायरेक्शनच्या मुलाच्या फिल्मवरचं 'सहकार्य' असतं? तीन, मागच्या दोन बॅचेसमधली साउंडची मुलं आज कुठे आहेत, आणि त्यांतल्या कुणाशी बोलता येईल का? कुठल्याही फिल्म शाळेला विचारावेत असे हे प्रश्न आहेत. पहिल्यातून यंत्रसामग्री किती जणांत वाटली जाते ते कळतं, दुसऱ्यातून त्या शाखेला घरात मान किती ते, आणि तिसऱ्यातून बाकी सगळं.

ती वडिलांना घेऊन जाऊन आली. येताना पुण्यात लॉ कॉलेज रोडवर एफटीआयआयचं गेटही पाहून आली. रात्री फोन: 'सर, मी दोन्ही बघून आलो.' खासगी संस्थेत स्टुडिओ झकास होता, एसी वगैरे. तासांबद्दल 'स्लॉटप्रमाणे' एवढंच उत्तर. प्रोजेक्ट टीममध्ये. तिसऱ्या प्रश्नाला कंपन्यांचे लोगो छापलेलं एक पान हातात ठेवलं. वडील मात्र एका गोष्टीनं प्रभावित झाले होते: तिथल्या माणसानं त्यांना बसायला खुर्ची दिली, चहा दिला, तासभर बोलला. एफटीआयआयच्या गेटवर वॉचमननं आतही सोडलं नव्हतं. हा फरक मी हसण्यावारी नेत नाही. अशा घरांचे पंधरा लाखांचे निर्णय अनेकदा चहाच्या कपावर ठरतात.

आता पैशाचा हिशोब. साडेसात लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज तारण न देता मिळू शकतं. त्यापुढे बँक घराचे कागद मागते. साडेदहा टक्के व्याज आणि फेडायला दहा वर्षं धरली, तर १५ लाखांचा हप्ता महिना वीस हजारांच्या थोडा वर जातो. शिकतानाच्या वर्षांचं साचलेलं व्याज यात धरलेलं नाही. आणि साउंड असिस्टंटला सुरुवातीची दोन-तीन वर्षं दिवसावर पैसे मिळतात. महिन्यात दिवस किती भरतील ते कुणी सांगू शकत नाही. हप्त्याला मात्र दर महिन्याची पाच तारीख पाठ असते.

इथे आपल्याकडच्या फिल्म-शिक्षणाची रचना समजून घ्यायला हवी, कारण घरोघरी चर्चा 'लवकर सुरुवात की उशिरा' एवढ्यावरच अडते. खरी गोम अशी की सरकारचा पैसा जिथे लागलाय ती दारं बहुतेक पदवीनंतर उघडतात. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. तिच्याच जागेत १९६० मध्ये केंद्र सरकारनं फिल्म इन्स्टिट्यूट काढली, तीच आजची एफटीआयआय. कोलकात्याची संस्था १९९५ ची. दोन्हीकडचे दिग्दर्शन, छायालेखन, संकलन, साउंड हे मुख्य तीन वर्षांचे कोर्स पदवीधरांसाठी आहेत. दिल्लीच्या जामियातलं मास कम्युनिकेशनचं नावाजलेलं केंद्र १९८२ पासून प्रामुख्यानं एम.ए.साठी ओळखलं जातं. एफटीआयआयची फी आता पूर्वीसारखी नाममात्र राहिलेली नाही. ती दर वर्षी वाढते म्हणून २०१९ मध्ये विद्यार्थी उपोषणालाही बसले होते. तरी खासगी संस्थेच्या फीपुढे ती लहानच. बारावीनंतरच्या काही सरकारी जागा दक्षिणेत सापडतात. चेन्नईच्या सरकारी फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये बारावीनंतर चार वर्षांची पदवी आहे आणि तिथे ध्वनिलेखनाची स्वतंत्र शाखाही आहे. पण ती मुख्यतः तमिळनाडूच्या मुलांसाठी. इचलकरंजीच्या पोरीला तिचा काय उपयोग?

म्हणजे ज्याच्या खिशात पैसा आहे त्यानं बारावीनंतर जावं, नाही त्यानं थांबावं, असं ही रचनाच सांगते. मला ते आवडत नाही. पण मुलीला सल्ला देताना मला काय आवडतं याला अर्थ नव्हता.

बाहेरच्या देशांतही नामांकित शाळांपैकी काही मुळात पदवीनंतरच्याच आहेत. लॉस एंजेलिसची एएफआय (अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूट), लंडनजवळची नॅशनल फिल्म अँड टेलिव्हिजन स्कूल. पॅरिसच्या ला फेमिसलाही शाळा संपल्यावर साधारण दोन वर्षांचं शिक्षण झालेलं लागतं. एफटीआयआयच्या बॅचमध्ये कुणी वकील असतो, कुणी इंजिनिअर, कुणी तीन वर्षं नोकरी करून आलेला. दिग्दर्शक उमेश कुलकर्णी कायदा शिकून तिथे गेले. दिग्दर्शक पायल कपाडिया मुंबईत अर्थशास्त्र शिकल्या होत्या. साउंडसाठी ऑस्कर मिळवणारे रसूल पूकुट्टी फिजिक्सचे पदवीधर. अर्थात ही नावं मी मुलीच्या वडिलांपुढे घेतली नाहीत. यशस्वी माणसांची यादी वाचून निर्णय घेणं म्हणजे लॉटरी लागलेल्यांना विचारून तिकीट काढणं. शिवाय त्याच यादीत दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे येतात. ते इंग्रजी साहित्य शिकले आणि कुठल्याच फिल्म शाळेत गेले नाहीत. नागराज मंजुळे मराठीत एम.ए. करून मग नगरच्या कॉलेजात संज्ञापन शिकले. यादीतून हवं ते सिद्ध होतं.

उलट बाजूचं एक उदाहरण माझ्या डोळ्यांसमोरचं आहे. त्याच वर्षी पुण्यातला एक मुलगा बारावीनंतर थेट खासगी फिल्म पदवीला गेला. विषय संकलन. घरची परिस्थिती उत्तम, वडिलांचा व्यवसाय, कर्जाचा प्रश्नच नाही. तो आठवीपासून कॉम्प्युटरवर लग्नाचे व्हिडिओ कापायचा, म्हणजे हात आधीच बसलेला. आज त्याच्याकडे वर्गमित्रांच्या डझनभर शॉर्ट फिल्म्सचं काम आहे, दोन जाहिरात कंपन्यांचे लोक नावानं ओळखतात आणि एकविसाव्या वर्षी तो स्वतःचं भाडं भरेल. त्याला 'आधी साहित्यात बी.ए. कर' म्हणणं म्हणजे नुसता उपदेश झाला असता. त्याच्याकडे पैसा होता, हात होता आणि काय करायचंय ते पक्कं होतं. आपल्या मुलीकडे यातल्या दोनच गोष्टी होत्या.

त्यातली 'हात' ही गोष्ट तिच्याकडे आहे हे मला जून अखेरीस कळलं. मी चित्रनगरीत एका कामासाठी कोल्हापुरात होतो, तेव्हा आई, वडील, मुलगी तिघं भेटायला आले. मी तिला म्हटलं, काही रेकॉर्ड केलंयस का? तिनं फोन काढला. वडिलांच्या कारखान्यातलं तीन-चार मिनिटांचं रेकॉर्डिंग. साधे, धोट्याचे माग; धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन मागात इकडून तिकडे फेकला जाणारा तुकडा. अशा शेडमध्ये आवाज नव्वद डेसिबलच्या वर असतो. फोनच्या माइकमध्ये तो फाटतोच, नुसती खरखर येते. हिचं फाटलेलं नव्हतं. विचारलं तर म्हणाली, आत दोनदा केलं, घाण आलं. मग फोन कापडाच्या ताग्यांमध्ये खोचून ठेवला, तरी आलं नाही. शेवटी मागच्या भिंतीच्या बाहेर, खिडकीच्या खाली ठेवला. भिंतीतून खालचा घुमारा येत होता आणि खिडकीतून धोट्याचा ठोका स्पष्ट. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

रेकॉर्डिंगच्या शेवटी लाइट जाते. माग मागेपुढे बंद पडतात, शेवटचा धोटा आपटतो आणि नंतर दोन-तीन सेकंद माणसं ओरडतच राहतात, कारण मागांच्या आवाजात ओरडून बोलायची त्यांना सवय असते. मग कुणाच्या तरी लक्षात येतं, आवाज खाली येतो, कुणीतरी हसतं. तिनं ते तिथपर्यंत चालू ठेवलं होतं. लाइट गेल्यावर बंद नाही केलं. मी तेवढा तुकडा परत लावायला सांगितला.

वडील कान देऊन ऐकत होते. म्हणाले, 'ह्यात एका मागाचं पिकिंग ढिलं हाय बगा. कोपऱ्यातला असणार.' पिकिंग म्हणजे धोटा फेकणारा भाग. मुलगी म्हणाली, पाच नंबर. 'त्योच,' वडील म्हणाले, 'दुसऱ्या दिवशी केला मी.'

त्यानंतर वडिलांशी बोलणं सोपं गेलं. कानावर पोट भरता येतं हे त्यांना समजावावं लागलं नाही. मात्र आईचा प्रश्न मी कधी ऐकला नव्हता. ती म्हणाली, 'ह्यांना आता डाव्या कानानं कमी ऐकू येतंय. हिनं दिवसभर हेडफोन घातल्यावर हिच्या कानाचं काय हुईल?' सिनेमाचं मिक्सिंग ठरलेल्या पातळीवर होतं, त्यासाठी ८५ डेसिबलचं माप लावून खोली जुळवलेली असते, आणि चांगला साउंडवाला कानाला जिवापाड जपतो, हे मी सांगितलं. आणि मुलीला सांगितलं, कारखान्यात जाशील तेव्हा कानात बोळे घाल, वडिलांनाही दे. आईला हे दुसरं जास्त पटलेलं दिसलं.

टेक्स्टाइलची बाजू मी हलकी समजत होतो असं कुणी मानू नये. जुलै २०२४ मध्ये, म्हणजे ऐन प्रवेशाच्या दिवसांत, राज्य सरकारचा निर्णय आला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी घटकांतल्या, वर्षाला आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी आता निम्मी नव्हे, पूर्ण माफ. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून जागा मिळायला हवी एवढीच मुख्य अट. हे घर त्यात बसत होतं. म्हणजे इंजिनिअरिंगची शिक्षण फी शून्य, राहायला घर. तिला हवी असलेली खासगी विद्यापीठातली फिल्मची पदवी या सवलतीच्या बाहेर. वडिलांनी फोन करून मला हे सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात विजय नव्हता, पण सुटका होती. वर एक मुद्दाही होता: इंजिनिअर झाली तरी एफटीआयआयला बसता येतंच की. मुद्दा शंभर टक्के बरोबर. पदवी कुठलीही चालते.

माझी अडचण वेगळी होती. चार वर्षांचं इंजिनिअरिंग, प्रॅक्टिकल, सबमिशन, बॅकलॉगची टांगती तलवार, यात साउंडला वेळ राहत नाही. आणि शेवटच्या वर्षी कॅम्पस इंटरव्ह्यूला गिरणीची नोकरी समोर येते. घरची परिस्थिती पाहता ती नाकारणं अवघड. मी हे बोललो तर वडील म्हणाले, 'मग ती नोकरी केली तर वाईट काय हाय त्यात, सर?' याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. एवढंच म्हटलं की तो निर्णय तिनं एकविसाव्या वर्षी घ्यावा, आपण आज तिच्यासाठी घेऊन ठेवू नये.

मग कुठली पदवी? पदवीनंतरची वाट धरणारी बहुतेक घरं इथे निष्काळजी असतात. 'तीन वर्षं काढायची आहेत, काहीही घे.' तीन वर्षं काढायची म्हणून घेतलेली पदवी मुलाखतीत ओळखू येते. एफटीआयआयच्या प्रवेशपरीक्षेचा पहिला टप्पा लेखी. त्यातून निवडलेल्यांना दुसऱ्या टप्प्यात बोलावतात आणि तिथे समोरची माणसं बहुधा तुम्ही काय पाहिलंय यापेक्षा तुम्ही कशात रमता ते चाचपतात. साउंडसाठी अट कुठल्याही शाखेच्या पदवीची, पण बारावीला फिजिक्स हवं. हिचं बारावीचं फिजिक्स झालेलं होतं, म्हणजे बी.एस्सी.ची सक्ती नव्हती. मी तिला संगीतात बी.ए. सुचवून पाहिलं, कारण ती लहानपणी तबल्याच्या दोन-तीन परीक्षा देऊन बसली होती. तिनं एका वाक्यात उडवलं: 'संगीतात घेतलं तर लोक मला गायला लावतील.' आर्ट डायरेक्शनला जायचं असतं तर मात्र उपयोजित कला, वास्तुकला अशा पदव्यांना तिथे महत्त्व असतं, आणि मग निर्णय बारावीतच करावा लागतो. दिग्दर्शन किंवा पटकथेकडे वळणाऱ्याला मी साहित्य, इतिहास, समाजशास्त्र सुचवतो. संकलनवाल्याला काहीही, फक्त वाचन हवं.

शेवटी कोल्हापुरात, शिवाजी विद्यापीठाशी संलग्न एका अनुदानित कॉलेजात बी.एस्सी., मुख्य विषय फिजिक्स. वर्षाची फी काही हजारांत. मी फिजिक्सच्या बाजूनं बोललो ते ध्वनिशास्त्रासाठी नाही. पदवीच्या अभ्यासक्रमात ध्वनिशास्त्र येतं ते थोडंच. फिल्मचं जमलं नाही तर पुढे एम.एस्सी., बी.एड., सरकारी परीक्षा अशी दोन-चार दारं त्या पदवीला आहेत, हे खरं कारण. एफटीआयआयच्या एका शाखेत वीसच्या आत जागा असतात आणि देशभरातून मुलं बसतात. न लागण्याची शक्यता लागण्यापेक्षा कितीतरी जास्त. 'नाही लागला तर' हा भाग आधी लिहून मगच पदवीनंतरची वाट धरावी. तिनं वहीत लिहिलं. पहिल्या क्रमांकावर पुणे, दुसऱ्यावर कोलकाता, तिसऱ्यावर एफटीआयआयच्याच टीव्ही विभागाचा साउंडचा एक वर्षाचा कोर्स, चौथ्यावर एम.एस्सी. आणि रविवारची कामं.

एक धोका मी त्यांच्यापासून लपवला नाही. या संस्थांची तीन वर्षं दर वेळी तीनच भरत नाहीत. एफटीआयआयमध्ये २००८ ची बॅच २०१५ मध्येही पूर्ण बाहेर पडलेली नव्हती. त्याच वर्षी तिथे १३९ दिवसांचा संप झाला. तेव्हाच्या मानानं आता वेळापत्रक सुधारलंय, तरी हिशोब करताना एखादं वर्ष जास्त धरावं. अठराव्या वर्षी बारावी, एकविसाव्या वर्षी पदवी, पहिल्या प्रयत्नात लागली तरी बाहेर पडायला चोवीस-पंचवीस, दुसऱ्या प्रयत्नात सव्वीस. मुंबईत उभं राहायला आणखी दोन. धाकट्या भावाचं शिक्षण मध्येच येतं. हे सगळं कागदावर वर्षांसकट मांडून वडिलांना दिलं. त्यांनी घडी करून खिशात ठेवलं. होय म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

कॉलेज सुरू झाल्यावर पंधरा लाखांऐवजी घरानं जे काही हजार खर्च केले त्यांतून एक हातात मावणारा रेकॉर्डर आला आणि बरे बंद हेडफोन. सॉफ्टवेअर सुरुवातीला फुकटचं ऑडॅसिटी, नंतर रीपर. सुटीत ती आत्याच्या मुलाबरोबर मालिकेच्या सेटवर जाते. पहिल्या वर्षी नुसत्या केबल गुंडाळल्या, आता बूम धरते आणि दिवसाचे पैसे घेते. साउंड रेकॉर्डिस्ट जरा कडक आहेत, पण विचारलेलं सांगतात, हे तिचं नशीब. कोल्हापूरच्या फिल्म फेस्टिव्हलला सलग दोन वर्षं गेली. पहिल्या वर्षी तिला बरेचसे सिनेमे झोप आणणारे वाटले. दुसऱ्या वर्षी एका इराणी सिनेमातल्या रस्त्याच्या आवाजाबद्दल तिनं मला दोन पानी मेसेज केला, त्यातलं निम्मं चूक होतं आणि निम्मं माझ्या लक्षात आलेलं नव्हतं.

अभ्यासात पहिल्या सत्राला एक विषय राहिला, तो निघाला. ती हुशार विद्यार्थिनी आहे असं तिच्या प्राध्यापकांनाही वाटत नसावं.

मध्यंतरी २०२५ मध्ये पुणे आणि कोलकाता दोन्ही संस्थांना अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. बातमी वाचून तिचा फोन आला, जरा घाबरलेली: आता तिथे बारावीनंतरचे कोर्स निघाले तर? मग मी उगाच थांबलो का? मी सांगितलं, दर्जा मिळाल्यानं संस्थेला स्वतःची पदवी देता येईल, आणि डिप्लोमाऐवजी पदवी हातात आली तर तुझ्या वडिलांना नातेवाइकांत सांगायला बरं. बारावीनंतरचं काही निघालंच तर तुझ्या धाकट्या भावाला विचार. तो म्हणे क्रिकेटशिवाय काही बघत नाही.

सध्या ती दुसऱ्या वर्षाला आहे. शेवटच्या वर्षात असताना पहिला फॉर्म भरणार. नव्या शैक्षणिक धोरणामुळे चौथं वर्ष करून ऑनर्स घ्यायची सोयही आहे. पण तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडायचं असं तिचं ठरलंय, आणि माझंही तेच मत आहे. चौथ्या वर्षाचा विचार प्रवेश हुकला तरच. वडिलांनी दोन प्रयत्नांची मुदत दिलीय. तिला तीन हवेत. आईचं म्हणणं, आधी पहिला तरी देऊ दे.